किती पटीची काच घेऊ?

गेल्या कार्तिकात एका संध्याकाळी पुतण्या आमच्या सोप्यात येऊन बसला. चहा झाला. मग त्यानं खिशातून मोबाईल काढून माझ्या हातात दिला. पडद्यावर रायफलीवर बसवायच्या दुर्बिणी होत्या, एकाखाली एक, पंधरा-वीस तरी.

"तात्या, ह्यातली कितीची घेऊ? तीन ते नऊ पट घेऊ, का सहा ते चोवीस?"

मला हसू आलं. मी १९७६ साली दहावी झालेला माणूस. विज्ञानात पस्तीसच्या वर कधी गेलो नाही. पण त्यानं मला विचारलं त्याला कारण होतं. पुतण्या फौजेत सतरा वर्षं काढून हवालदार होऊन परत आला. बंदुकीची त्याला माहिती आहे, पण जागलीची नाही. फौजेत त्यानं उजेडात, पांढऱ्या फळीवर, मागं मातीचा उंच ढीग असताना नेम मारला. आमच्या रानात ना फळी पांढरी, ना मागं ढीग. आणि डुक्कर दिवसा येत नाही.

आमचा आजरा तालुका. वरच्या अंगाला आंबोलीचं रान, खाली हिरण्यकेशी. आमच्या घनसाळ भाताला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. वास असा की शिजायला ठेवला तर चौथ्या घरात कळतं. डुकरांना मानांकन कळत नाही, वास कळतो. घनसाळ उशिरा पिकतो. आजूबाजूचं भात कापून झालं की रानातला सगळा कळप उरलेल्या घनसाळावर येतो. त्या आठवड्यात पुतण्याचं अकरा गुंठे भात एका रात्रीत गेलं होतं. खाल्लं थोडं, लोळून नासवलं जास्त. सकाळी तो बांधावर उभा होता आणि त्याची बायको चिखलातल्या लोंब्या उचलून फडक्यानं पुसत होती. मी ते बघितलं होतं. त्यामुळं तो काच विकत घ्यायला निघाला तेव्हा "कशाला रे" म्हणायचा मला अधिकार नव्हता.

त्यानं वनखात्याकडं रीतसर अर्ज केला होता. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे आणि डुक्कर त्याच्या संरक्षणातलं जनावर आहे. पिकाचं नुकसान करतं म्हणून मारायचं तर अगोदर परवानगी लागते, मारल्यावर पंचनामा लागतो. पुतण्याची रायफल तीनशे पंधरा बोअरची, परवान्याची. कागदाच्या बाजूनं सगळं ठीक होतं. प्रश्न राहिला तो फक्त काचेचा.

मी त्याला म्हटलं, "उद्या सांगतो." आणि रात्री मला झोप लागली नाही. काचेसाठी नव्हे. मला चाळीस वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आठवत राहिली. ती मी कुणाला सांगितलेली नव्हती.

आमच्या आबांकडं ठासणीची बंदूक होती, पीक संरक्षणाच्या परवान्यावरची. वरनं दारू ठासायची, छर्रे घालायचे, मागं केप बसवायची. एक बार निघाला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर कर्नाटकात पोचायचं. तीस पावलं, फार तर चाळीस, त्यापलीकडं तिचा काही उपयोग नव्हता. निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा व्हायच्या. डुकरांना मतदान नसल्यामुळं ती यायचीच.

आबांबरोबर मी दहाव्या-बाराव्या वर्षापासून जागलीला जायचो. चार मेढी रोवून वर माळा, माळ्यावर गवत, गवतावर घोंगडी. अंधारात बघायला मी तिथं शिकलो. आबा म्हणायचे, बत्ती लावली की अर्धा तास गेला. म्हणजे उजेड बघितलेल्या डोळ्याला पुन्हा अंधारात नीट दिसायला अर्धा तास लागतो. दुसरं म्हणजे अंधारात एखाद्या वस्तूकडं सरळ बघायचं नाही, जरा कडेला बघायचं. सरळ बघितलं की ती विरघळते, कडेला बघितलं की दिसते. तिसरं, अंधारात रंग जातात आणि आकार तेवढा राहतो. चौथं मला मोठेपणी कळलं. हाताशी बॅटरी आल्यावर लोक चमकणारे डोळे बघून बार टाकायला लागले. पण गाई-म्हशीचे, कुत्र्या-मांजराचे डोळे चमकतात तसे डुकराचे चमकत नाहीत. म्हणजे बॅटरीच्या झोतात डोळे लख्ख चमकले तर ते बहुतेक कुणाचं तरी वासरू असणार.

आबांचा एक नियम होता. "जनावर दिसलं म्हून बार टाकू नगंस. जनावराच्या मागं काय हाय ते दिसलं तर टाक." मला तेव्हा ते उगाच वाटायचं. मागं काय असणार? मागं रान.

दुसरी गोष्ट त्यांनी बोलून सांगितली नाही, करून दाखवली. एकदा त्यांचा बार डुकराच्या पुठ्ठ्यावर बसला आणि ते उसात शिरलं. रात्री त्यांनी मला माळ्यावरून उतरू दिलं नाही. पहाटे कुऱ्हाड आणि कुत्रं घेऊन ते रक्ताच्या मागावर गेले. आईनं दारात आडवं पडायचं तेवढं बाकी ठेवलं. आबा म्हणाले, "उद्या त्या उसात पाला काढाया बाया जातील. जखमी जनावर मी ठिवलंय, मीच काढाया पायजे." कुत्र्याचं पोट फाटलं. डुक्कर दुपारी ओढ्याच्या कपारीत मेलेलं सापडलं. कुत्रं दोन दिवसांनी गेलं. आबा त्या रात्री जेवले नाहीत. नंतर बरेच महिने त्यांनी बंदूक उतरवली नाही.

आता ती संध्याकाळ. साल १९८३, भादवा. आबांचे गुडघे धरले होते म्हणून जागल माझ्याकडं आली होती. माळावर भुईमूग भरला होता आणि तीन रात्री सलग डुकरांनी उकरून काढला होता. मी पंचविशीतला, डोकं तापलेलं. पाऊस बारीक बारीक चालू होता. दिवस बुडाला होता, पण अंधार अजून पुरता पडला नव्हता. आमच्याकडं त्या वेळेला कडुसं पडलं म्हणतात. वस्तू दिसतात पण कळत नाहीत, अशी ती वेळ.

माळ्यावर चढायच्या आधीच मला खालच्या बांधाला जनावर दिसलं. पाठीचा कमानदार काळा आकार, मान खाली, पुढं पुढं सरकत होतं. मधनंच थांबायचं, हिसका द्यायचं, परत सरकायचं. उकरताना डुक्कर हिसका देतं तसाच. मी बंदूक खांद्याला लावली. अंतर तीस-पस्तीस पावलं असेल. माझ्या मनात शंका नव्हती, हे मी आज मुद्दाम लिहितो. शंका होती आणि तरी मी नेम धरला, असं असतं तर ते समजायला सोपं होतं. मला डुक्कर दिसत होतं. त्याचे उभे केस दिसत होते. कान दिसत होते.

बोट खिट्टीवर होतं. तेवढ्यात आबांचं मागचं बघायचं आठवलं. आठवलं म्हणजे विचार केला नाही, सवयीनं डोळा आकाराच्या पलीकडं गेला. पलीकडं बांधावर गवताचा भारा उभा होता. बांधलेला, विळ्याची मूठ खोचलेला.

डुक्कर भारा बांधत नाही.

मी बंदूक खाली घेतली तेवढ्यात ते जनावर सरळ उभं राहिलं आणि म्हणालं, "कोन त्ये? आबाचा पोरगा न्हवं? उभा काय ऱ्हायलाईस, भारा उचलून दे की."

वाड्यातली मावशी होती. डोक्यावरनं पाठीवर इरलं घेऊन बांधाचं गवत कापत होती. इरलं ज्यांनी बघितलं असेल त्यांना सांगायला नको. बांबूच्या कामट्या, वर पानांचा थर, डोक्यापासून कंबरेच्या खालपर्यंत. घालून वाकलेलं माणूस मागनं बघितलं तर माणूस वाटतच नाही. पानांची टोकं म्हणजे मला दिसलेले केस. कान मात्र कुठून आले, ते मला आजतागायत सापडलेलं नाही. ते माझ्या डोक्यातनं आले. तीन रात्री मी डुक्कर शोधत होतो, म्हणून डोळ्यानं मला पुरं डुक्कर करून दिलं.

मी जाऊन भारा उचलून दिला. माझे हात एवढे थरथरत होते की मावशी म्हणाली, "ताप हाय का काय रं तुला?"

दुसऱ्या दिवशी मी पुतण्याला सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "चल, सुभेदारांकडं जाऊ."

आमच्या गावातले सुभेदार आता ऐंशीच्या पुढचे आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीत होते, १९७१ ची लढाई बघितलेले. त्यांच्याकडं रायफल आहे, तिच्यावर तीन ते नऊ पटीची, चाळीस मिलिमीटर भिंगाची जुनी काच आहे, आणि एक सात बाय पन्नासची हातातली दुर्बीण आहे. पुतण्यानं त्यांना मोबाईल दाखवला. म्हणाला, "चोवीस पट असली की दोनशे मीटरवरनं सुद्धा माणूस हाय का जनावर, चक्क कळतं."

सुभेदार चष्म्यावरनं बघत म्हणाले, "म्हंजे माणूस हाय का बघाया तू माणसावर रायफल रोखनार?"

पुतण्या गप्प झाला. फौजी माणूस, त्याला लगेच कळलं. बघायची काच वेगळी आणि मारायची वेगळी. हातातली दुर्बीण बघण्यासाठी असते. रायफलीवरची काच, बघून ठरल्यावर नेम धरण्यासाठी. जिथं काच फिरते तिथं नळीपण फिरते. शंका फिटावी म्हणून नळी रोखली तर ज्याच्याबद्दल शंका आहे तो तेवढा वेळ बंदुकीच्या तोंडाशी असतो. मला माझा भादवा आठवला. मी मान खाली घातली.

मग सुभेदारांनी आम्हाला हिशेब शिकवला. पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये घ्यायची आणि तिला पटीनं भागायचं. येईल तेवढ्या रुंदीचा उजेडाचा गोल मागच्या बाजूनं डोळ्यात जातो. काच हातभर लांब धरली तर तो गोल दिसतोसुद्धा. सात बाय पन्नासच्या दुर्बिणीला सातावर थोडं, म्हणजे वाटाण्याएवढा. चाळीसची काच नऊ पटीवर ठेवली तर साडेचारच्या आत, हुलग्याएवढा. आणि पुतण्याला हवी होती ती पन्नास भिंगाची, चोवीस पटीवर, पन्नास भागिले चोवीस, दोन मिलिमीटर. नाचणीचा दाणा.

दिवसा डोळ्याची बाहुली बारीक असते, तिला नाचणीएवढा उजेड पुरतो. अंधार पडायला लागला की बाहुली पसरते. तरण्या माणसाची सात मिलिमीटरपर्यंत. मग नाचणीएवढ्या उजेडानं तिचं भागत नाही, चित्र काळं पडतं. पट वाढवली की वस्तू जवळ येते आणि अंधारपण जवळ येतो. उलट पट फार कमी केली, चाळीसची काच तीनवर आणली, तर गोल होतो तेराचा. बाहुली तेरा पसरत नाही. अरुंद तोंडाच्या तांब्यात घागर ओतल्यासारखं, वरचं सांडून जातं. आणि आमच्या वयाला तर बाहुली पाचाच्या आसपासच उघडते. सुभेदार म्हणाले, "म्हाताऱ्यानं मोठी काच घेऊन काय फायदा? खिडकीच ल्हान झाली."

हिशेब कळला, पण पुतण्याला पटला नाही. तेव्हा सुभेदारांनी रायफलीवरची काच सोडवून हातात घेतली. रायफल आत खुंटीला. आम्ही तिघं त्यांच्या परड्यातल्या गडग्यापाशी गेलो. तिथनं खालचं रान उतरतं दिसतं. पुतण्यानं दीडशे पावलांवरच्या बांधावर एक पालथी बुट्टी ठेवून वर काळी घोंगडी टाकली. झालं आमचं डुक्कर. गडग्यावर कोंड्याचं पोतं, पोत्यावर काच.

दिवस मावळल्यावर थोडा वेळ नऊ पट छान वाटली. घोंगडीची दशी न् दशी दिसत होती. पुतण्या माझ्याकडं बघून हसला. मग झपाट्यानं उजेड गेला, कार्तिकात जातो तसा. नऊवर आता एक काळा डाग आणि त्याच्याभोवती जरा कमी काळा डाग. सुभेदार म्हणाले, "सहावर आण." सहावर घोंगडी पुन्हा बांधापासून वेगळी झाली. हे त्यानं डोळ्यानं बघितलं आणि काही बोलला नाही.

"आता तीनवर आण."

तीनवर घोंगडी बारकी झाली. पण चौकट मोठी झाली. नऊ पटीवर शंभर मीटरवर चारेक मीटरचा तुकडा दिसतो, तीनवर दहा-बारा मीटरचा. चोवीसवर दीडेक मीटर, म्हणजे डुकराएवढाच. पुतण्या काचेत बघत होता. एकदम त्यानं डोळा काढला, नुसत्या डोळ्यानं बघितलं, परत काचेला लावला. "तात्या, ते काय?"

मी हातातली दुर्बीण लावली. घोंगडीच्या डाव्या अंगाला, पुढं अडीचशे पावलांवर, ठिणगीएवढा तांबडा उजेड होता. चूल. तिच्यामागं ऊसतोडवाल्यांच्या कोप्या. मराठवाड्यातली टोळी दुपारीच उतरली होती. सकाळपर्यंत तिथं मोकळं रान होतं. पुतण्यानं बांध निवडला तेव्हा तिथं कोणी नव्हतं आणि आता चुलीपुढनं एक लहान मूल इकडून तिकडं गेलं.

तीनशे पंधराची गोळी किलोमीटरच्याही पलीकडं जाते. कोपीची भिंत म्हणजे पाचट आणि ताडपत्री. टोळीतली माणसं रात्री तीन-चारला उठून गाडी भरायला लागतात, म्हणजे डुक्कर यायच्या वेळेला ती रानात असतात.

बराच वेळ आम्ही तिघंही तिथंच उभे होतो. पुतण्या शेवटी म्हणाला, "नऊवर त्या कोप्या दिसल्याच नव्हत्या."

माझी लेक आणि जावई जर्मनीत असतात. रविवारी फोन असतो. मी जावयाला हे सांगितलं तर तो म्हणाला, तिकडंही डुकरं मक्यात शिरतात आणि शेतकरी रडतात. तिथं हरणं रात्री मारायला बंदी आहे, डुकराला तेवढी सूट. चांदण्यात उंच लाकडी माळ्यावर बसतात. जुन्या शिकाऱ्यांची आवडती काच म्हणे आठ पट, छप्पन्न भिंगाची. मी मनात भाग दिला, सात. पुन्हा वाटाणा. आणि नियम असा की गोळी चुकली किंवा आरपार गेली तरी पुढं मातीतच शिरेल अशी जागा असल्याशिवाय खिट्टीला बोट लावायचं नाही. माळा उंच बांधायचा तो दिसावं म्हणून, आणि गोळी खाली जमिनीत जावी म्हणूनही. आमच्या आबांनी जर्मनी नकाशातसुद्धा बघितली नव्हती. पण अंधार सगळीकडं सारखाच आहे, म्हणून शहाणपण पण सारखंच निघालं.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर बरं झालं असतं. वाचणाऱ्याला वाटलं असतं, म्हाताऱ्यांनी तरण्याला शहाणं केलं. पण तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुतण्या माझ्यावर चिडला.

"म्हंजे डुकरांनी खाऊन टाकाया द्यायचं? भरपाईला कागद घेऊन फिरायचं? शहरातल्या मानसाला डुक्कर वाचवाया पायजे, तुमाला कोप्या वाचवाया पायजेत. माझं कोन वाचवनार?"

त्याचं चूक नव्हतं. नेम न धरण्याची किंमत असते आणि ती त्याच्या बायकोनं फडक्यानं पुसलेल्या लोंब्यांत मोजावी लागते. आम्ही शेतकरी मारायला हपापलेले नाही, आणि आम्ही साधूही नाही. शहरातल्या वाचकाला हे मी मुद्दाम सांगतो. डुक्कर मारावं की मारू नये यावर मी खूप भांडणं ऐकली आहेत. त्यात माळ्यावर बसलेला माणूस क्वचित असतो.

पण मला त्या रात्री जे कळलं ते जरा वेगळं होतं. आपण लांबून मारायला बघतो ते नेम चांगला बसावा म्हणूनच असं नाही. लांबून मारलं की जायला लागत नाही. दोनशे मीटरवर जनावर पडलं का जखमी होऊन उसात शिरलं, अंधारात कोण बघणार? सकाळी बघू. आबांची बंदूक चाळीस पावलांची होती म्हणून त्यांना मागावर जाणं भाग होतं. रक्त समोर होतं, कुत्रं समोर मेलं. काच वस्तू जवळ आणते ती फक्त डोळ्याला. पायाला ती तेवढीच लांब राहते. म्हणून मी पुतण्याला अंतराचं एकच माप सांगितलं. जिथपर्यंत त्याच रात्री एकट्यानं जखमी जनावराच्या मागं जायची तुझी तयारी असेल, तिथपर्यंतच बार टाक. तो फौजी आहे, भित्रा नाही. विचार करून म्हणाला, "साठ पावलं."

साठ पावलांना चोवीस पट लागत नाही. चार-सहा पुरते. फार कमीही नको. पिल्लं घेऊन आलेली मादी आहे का एकटा सुळेवाला नर, एवढं तरी कळलं पाहिजे. पिल्लं गवतात असतात, आईवर नेम धरला की ती दिसत नाहीत, म्हणून तिथंही चौकट मोठी पाहिजे. जवळचं बारीक आणि आजूबाजूचं भरपूर, दोन्ही एकाच काचेत पुरं मिळत नाही. एक वाढवलं की दुसरं घटतं. काच बनवणाऱ्यालाही ते चुकवता आलेलं नाही. त्यामुळं किती पटीची काच, हा प्रश्न शेवटी आपण काय न बघता राहू शकतो, ह्या प्रश्नावर येतो. केसाळ पाठ बारीक दिसली नाही तर माझं काय बिघडतं? नेम चुकेल, डुक्कर जाईल, अकरा गुंठे जातील. चूल दिसली नाही तर?

मला वाटतं हे डुकरापुरतं नाही. भाऊबंदकीत आम्ही हेच करतो. बांध एक हात सरकला की त्या एका हातावर चोवीस पटीची काच लावतो. बांध एवढा मोठा दिसतो की त्यामागं उभा असलेला भाऊ, त्याची पोरं, आपल्या लग्नात त्यानं ओढलेलं पाणी, काही चौकटीत राहत नाही. मी स्वतः सात वर्षं असा एक दावा लढलो आहे. जिंकलो. बांध हातभर सरकला. पण ती गोष्ट वेगळी, पुन्हा केव्हातरी.

पुतण्यानं सात बाय पन्नासची हातातली दुर्बीण घेतली आणि रायफलीला सुभेदारांच्यासारखीच साधी तीन ते नऊची काच लावली. माळा जुन्या जागेवरून हलवून ओढ्याच्या अंगाला बांधला. तिथं समोर ओढ्याची उभी दरड आहे, दोन पुरुष उंच. चुकली तर गोळी दरडीत. दिवसाउजेडी रोज एकदा तो पलीकडनं चक्कर मारून यायचा, नवीन कोण उतरलंय का बघायला. कोप्यांवर जाऊन मुकादमाला सांगून आला, आम्ही अमुक रात्री बसणार आहे. मुकादमाच्या बायकोनं त्याला चहा पाजला.

हिशेब सांगतो. दोन महिन्यांत तो एकोणीस रात्री बसला. एक डुक्कर पडलं. अठ्ठेचाळीस पावलांवर, जागच्या जागी. पंचनामा झाला, जनावर सरकारजमा. चार वेळा डुकरं समोर आली आणि त्यानं बार टाकला नाही. एकदा पिल्लं होती. दोनदा दरडीच्या बाहेर होती. एकदा नुसतंच नीट कळलं नाही. त्या चार रात्रींत मिळून उसाचं आणखी सात-आठ गुंठ्यांचं नुकसान झालं. ते भरून आलेलं नाही, यायचंही नाही. चौथ्या वेळेला, नीट न कळलेलं ते काय होतं, ते आम्हाला अजून ठाऊक नाही. सकाळी तिथं पाऊस पडून गेला होता, मागच राहिला नव्हता.

पुतण्यानं विचारलं, "तात्या, ते डुक्करच आसनार. मी उगाच सोडलं का?"

तेव्हा मी त्याला भादव्यातली ती संध्याकाळ सांगितली. पहिल्यांदाच कुणाला तरी. ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "वाड्यातली मावशी म्हंजे, मला शाळेत जाताना शेंगा द्यायची ती?"

तीच. मावशी त्या संध्याकाळनंतर एकवीस वर्षं जगली. ह्या पुतण्याच्या बारशाला पाळणा तिनंच म्हटला. माझ्या दोन्ही पोरींच्या बाळंतपणात बायकोला तेल-पाणी तिनं केलं. दर भादव्यात बांधावर भेटली की ती मला हमखास हाक मारायची, "भारा उचलून दे गा." मी जाऊन उचलून द्यायचो. तिला वाटायचं पोरगा गुणाचा आहे, हाकेसरशी येतो. मी तिला कधीच सांगितलं नाही.